पत्र्याची पेटी आणि घळीचं पुस्तक

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माळ्यावर किंवा खाटेखाली माझ्यासारखी एखादी नक्की असेल. तुम्ही तिच्यावर अंथरुणं रचत असाल, नाहीतर चढून वरचा डबा काढत असाल. पेटीला कुणी काही विचारत नाही. मलाही फारसं कुणी विचारलं नाही. पण माझ्या पोटात जे ठेवलं गेलं आणि माझ्यासमोर जे बोललं गेलं, ते सगळं माझ्या लक्षात आहे. त्यातलं एक तुम्हाला सांगायचं आहे. ते सुखाचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

महाडच्या बाजारात धोंडू नावाचा एक कारागीर बसायचा. तो नाते नावाच्या गावचा. त्याने मला घडवलं. सपाट पत्रा कापला, कडा वळवल्या, दोन बाजूंना दोन कड्या बसवल्या आणि निळा रंग देऊन झाकणावर पांढरं फूल काढलं. बिरवाडीत खोली घेऊन राहणाऱ्या एका कामगाराने मला नेलं. आठ-नऊ वर्षं मी त्याच्या खाटेखाली होते. त्याचे कपडे आणि कागद मी सांभाळले. त्याच्या रसायनांच्या कंपनीचा उग्र वास माझ्या पत्र्यात मुरला तो मुरलाच. पुढे त्याची कंपनी बंद पडली. तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आपल्या गावी परतला आणि गावच्या हायस्कूलला त्याने मला देऊन टाकलं. आठवी ते दहावीची लहानशी शाळा होती ती. गावात एसटी दिवसातून दोनदा यायची. शाळेत मी परीक्षेचे पेपर सांभाळू लागले.

मग मुंबईला नोकरी करणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने शाळेला पुस्तकं पाठवली. चौऱ्याण्णव पुस्तकं होती. मुख्याध्यापकांनी प्रत्येकावर शिक्का मारला, बोधकथा आणि थोरांची चरित्रं वर ठेवली, रहस्याची आणि साहसाची पुस्तकं तळाशी घातली आणि मला कुलूप लावलं. वर्षातून एकदा वाचनाचा कार्यक्रम असे. त्या दिवशी मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढत, आणि फोटो झाला की पुस्तकं पुन्हा माझ्या पोटात येत. तीन वर्षं असंच चाललं.

चौथ्या वर्षी रखमामावशी आल्या. झाडलोट करायला, पाणी भरायला आणि घंटा द्यायला शाळेने त्यांना ठेवलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या, अंगाने बारीक, डोळ्यांवर दोरा बांधलेला चष्मा. शिक्षण सातवीपर्यंत झालेलं. नवरा मुंबईला वॉचमन होता. तिथल्या त्यांच्या खोलीशेजारी रद्दीचं दुकान होतं आणि त्या रद्दीतून त्यांनी गुप्तहेरांची, खजिन्याची, खुनाची शेकडो पुस्तकं वाचली होती. नवरा गेल्यावर त्या गावी आल्या, तेव्हा गावात वाचायला काही नव्हतं. पेटीत पुस्तकं आहेत असं कळताच त्यांनी मुख्याध्यापकांकडे किल्ली मागितली. मुख्याध्यापक वाईट नव्हते. रखमा पुस्तकांवरची धूळ झाडेल, एवढ्याच हिशोबाने त्यांनी किल्ली दिली.

त्यांनी पहिल्याच दिवशी मला तळापर्यंत उपसलं. तळाची पुस्तकं वर आली.

मित्रांनो, पुस्तक सुचवणं हे एक काम आहे हे मला त्यांच्याकडून कळलं. त्या कुणालाही "हे चांगलं आहे, वाच" असं म्हणत नसत. मुलाला पेटीसमोर बसवून आधी विचारत, "तुला कोडं आवडतं का पळापळ?" कोडं म्हणजे रहस्य, पळापळ म्हणजे साहस. मुलगा विचारात पडे, मग बोलू लागे, आणि बोलता बोलता त्याला काय हवं आहे ते मावशींना कळे. ओम नावाचा एक मुलगा होता. आठवीत असूनही त्याला छापलेली ओळ नीट वाचता येत नव्हती, म्हणून तो पुस्तकापासून पळे. मावशींनी त्याला काही दिलं नाही. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसून एका बारक्या पुस्तकाची पहिली सात पानं त्याला वाचून दाखवली. बंद गॅरेजमधून एक पिवळी मोटार नाहीशी होते, एवढंच त्या सात पानांत होतं. मग घंटा द्यायची वेळ झाली म्हणून त्या उठून गेल्या. ओम दोन दिवस त्यांच्यामागे फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः पुस्तक उघडलं. ते संपवायला त्याला दीड महिना लागला, पण ते संपलं. अंधाराला घाबरणाऱ्या एका मुलीला मावशींनी पडक्या बंगल्यातल्या भुताचं पुस्तक दिलं. ते भूत शेवटी एका चोराच्या हातातला कंदील निघतं. "घाबरलीस तर दिवसा वाच," एवढंच तिला सांगितलं.

त्यांचे नियम थोडे होते. शेवटचं पान आधी उघडायचं नाही. कंटाळा आला तर पन्नासाव्या पानावर सोडायचं, पण का सोडलं ते येऊन सांगायचं. आणि ज्याने पुस्तक वाचलं आहे त्याने, ज्याने वाचलेलं नाही त्याला पुढचं काहीही सांगायचं नाही. हा शेवटचा नियम मुलं शपथेसारखा पाळत. माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला मुलं चिठ्ठ्या चिकटवू लागली. पुस्तकाचं नाव आणि एक ओळ. "स्वयंपाक्यावर लक्ष ठेवा." "वादळ येईपर्यंत थांबा, मग मजा आहे." दोन वर्षांत झाकण आतून कागदाने भरून गेलं. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते एवढेच.

या वाचणाऱ्यांत सगळ्यात पुढे दोन मुली होत्या. अक्षदा आणि श्रुतिका. दोघी नववीत, दोघींची घरं एका वाडीत, अंगणाला अंगण लागून. अक्षदाचे वडील भिकू मुंबईला एका हॉटेलात काम करत आणि आई आवडी घरची शेती बघे. आवडीला वाचता येत नव्हतं. अक्षदा पुस्तकाशी भांडत वाचायची. गुप्तहेराने माळ्याला आधीच का नाही विचारलं, असं ती मावशींना तावातावाने सांगे. श्रुतिका तिच्यापेक्षा शांत, पण वेगाने वाचणारी. तिने पेटीतली साहसाची सगळी पुस्तकं अक्षदाच्या आधी संपवली होती.

आषाढातल्या एका गुरुवारी अक्षदा माझ्याजवळ आली. या खेपेला कोडं आणि पळापळ दोन्ही हवं, असं तिने सांगितलं. मावशींनी एक जाडसर पुस्तक काढलं. घाटातल्या एका आडगावच्या रेल्वे स्टेशनवर चार मुलं सुट्टीला येतात आणि तिथून एक पार्सल चोरीला जातं, अशी त्याची सुरुवात होती. वरचं चित्र कधीच फाटून गेलं होतं. सोबत आलेल्या श्रुतिकाने ते आधी वाचलेलं होतं. ती हसली, पण काही बोलली नाही. अक्षदा ते दप्तरात घालून घेऊन गेली.

सोमवारी शाळा भरली नाही. माझ्याभोवती माणसं जमली आणि त्यांच्या बोलण्यातून मला कळलं. रविवारी दुपारी दोघी मुली वाडीच्या वर, डोंगरातल्या घळीकडे गेल्या होत्या. त्या घळीतून एक पऱ्या, म्हणजे डोंगरी ओढा, वाहत येतो. उन्हाळ्यात त्यात पाऊल भिजत नाही. त्या दिवशी वर पाऊस कोसळला आणि पाणी एकदम वाढलं. अक्षदा वाहून गेली. श्रुतिका तेवढी परत आली. अक्षदा सोमवारी सकाळी खालच्या शेतांच्या बांधाशी सापडली. ती चौदा वर्षांची होती.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी गाव शाळेत जमलं. मी खोलीच्या कोपऱ्यात होते. श्रुतिकाला तिच्या चुलत्याने हात धरून आणलं होतं. शाळेच्या समितीचे अध्यक्ष मालोजी यांनी तिला विचारलं की एवढ्या पावसात तुम्ही वर कशाला गेला होता. तिने एकदा आईकडे पाहिलं.

"पुस्तकात घळ हाय," ती म्हणाली. "ती बघाया गेलो व्हतो."

तिने एवढंच सांगितलं आणि सगळ्यांना ते पुरलं. कुणी म्हणालं, असली चोरांची पुस्तकं पोरांच्या हातात देतात कशाला. कुणी म्हणालं, मुलींना डोंगर चढायची हौस लागते ती यातूनच. त्या पुस्तकाचं नाव काय, त्यात काय आहे, हे बोलणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाने त्याला घळीचं पुस्तक म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. मुख्याध्यापक मान खाली घालून बसले होते. मालोजींनी पुस्तक कुणी दिलं असं विचारलं, तेव्हा रखमामावशी दाराजवळून पुढे आल्या.

"पुस्तक मी दिलं व्हतं," त्या म्हणाल्या. 

भिकू मुंबईहून आला होता. तो रडत नव्हता. तो उठून माझ्यासमोर आला, माझं झाकण उघडलं, आतल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. त्यातल्या कितीतरी त्याच्या मुलीच्या अक्षरातल्या होत्या. त्याला ते अक्षर ओळखू आलं असावं, कारण त्याने झाकण आपटलं आणि मला लाथ मारली. माझी उजवी बाजू आत गेली. त्याचा मला राग आला नाही. त्याला कुणाला तरी मारायचं होतं, आणि मी पत्र्याची होते.

मावशींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नको असं कळवलं. मला कुलूप घालून शाळेमागच्या अडगळीच्या खोलीत टाकलं. तिचं छप्पर गळत होतं.

मित्रांनो, पुस्तक कसं मरतं ते तुम्ही पाहिलं नसेल. ते हळूहळू मरतं. आधी ओल तळातून येते. माझा तळ गंजला, त्याला भोकं पडली आणि त्यांतून वाळवी आत शिरली. पहिल्या पावसाळ्यात चरित्रं एकमेकांना चिकटली. दुसऱ्या पावसाळ्यात समुद्राच्या सफरीचं पुस्तक मातीसारखं झालं. झाकणाच्या चिठ्ठ्यांचा डिंक सुटला आणि त्या एकेक करून खाली गळाल्या. मला सगळं जाणवत होतं, पण पेटीला स्वतःचं झाकण उघडता येत नाही.

बाहेर मुलांचे आवाज यायचे. पुस्तक हा शब्द त्यांत फक्त अभ्यासाच्या संदर्भात असे. ओम दहावीला नापास झाला आणि बिरवाडीला कामाला गेला, असं मी खिडकीशी उभ्या असलेल्या मुलांकडून ऐकलं. श्रुतिका दहावीपर्यंत याच शाळेत होती. अडगळीच्या खोलीवरून पाण्याच्या टाकीकडे जवळची वाट होती. सगळी मुलं तिथून जात. ती एकटी मैदानाला वळसा घालून जाई. मुलं तिला त्यावरून हसायची.

दोन वर्षं आणि आठ महिने मी तिथे होते. मग ती खोली पाडायचं ठरलं. सामान भंगारात जाणार होतं. मुख्याध्यापक निवृत्तीला आले होते. त्यांनी मावशींना निरोप धाडला, पेटी हवी असेल तर घेऊन जा. मावशी आणि त्यांची जाऊ आल्या. एकीने एक कडी धरली, दुसरीने दुसरी. वाटेत माझ्या तळातून वाळवीची माती सांडत होती. कुणी त्यांना थांबवलं नाही आणि कुणी हातही लावला नाही.

चौऱ्याण्णवांतली पंचवीस पुस्तकं तेवढी तगली. मावशींनी ती अंगणात उन्हाला घातली. पानं चिकटलेली होती तिथे त्या सुईच्या टोकाने एकेक पान सोडवत. दुपारभर हेच काम. त्यांच्याकडे कुणी येत-जात नव्हतं. वाडीतल्या बायका पाणवठ्यावर त्यांच्याशी बोलत, पण मुलांना त्यांच्या अंगणात पाठवत नसत.

चैत्र संपता संपता एका दुपारी आवडी आली. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. ती पडवीत येऊन बसली आणि पिशवी सोडली. ते स्टेशनाचं पुस्तक होतं. भिकू ते जाळणार होता. आवडीने ते त्याच्या नकळत भाताच्या कणगीत लपवलं होतं. पेटीतली पुस्तकं कुजली. हे एकच पुस्तक भातात कोरडं राहिलं होतं.

"मला वाचून दाखव, काकी," ती म्हणाली. "माझी पोर कशापायी गेली ते मला ऐकू दे."

मावशींनी ते हातात घ्यायला वेळ लावला. मग चष्म्याचा दोरा नीट केला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. त्या दिवशी वीस पानं झाली.  दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळी पुन्हा आली. लंगडा स्टेशनमास्तर आला, चहावाला आला, पार्सल नाहीसं झालं. मावशी वाचत होत्या आणि वाचता वाचता एकाएकी थांबल्या.

आवडीने का थांबलीस असं विचारलं.

"पान दुमडलेलं हाय."

ते एक्केचाळिसावं पान होतं. वरचा कोपरा दुमडलेला, घडी पक्की बसलेली. अक्षदाची सवय मावशींना ठाऊक होती. पुढे वाचायला लागली की ती आधीची घडी नखाने दाबून सरळ करायची. त्या पुस्तकात बंद घडी ही एकच होती. मावशींनी पुढची पानं भराभर चाळली. घळ पहिल्यांदा आली ती अठ्ठ्याहत्तराव्या पानावर. त्या मागे आल्या आणि घडीवर बोट ठेवून बसून राहिल्या. शेकडो रहस्यं वाचलेली ती बाई होती. तिला काय कळलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते कळलं नसतं तर बरं असंही दिसत होतं.

"तिनं हितवर वाचलं व्हतं," त्या शेवटी म्हणाल्या. "घळ अजून आलेली नाय. ती लय पुढं हाय."

आवडीला क्षणभर उमगलं नाही. मग तिने हळूच विचारलं, "मंग ती घळ बघाया कशाला जाईल?"

पुढची घळ ठाऊक असणारी तिथे एकच मुलगी होती. जिने पुस्तक आधी संपवलं होतं ती. हे दोघींनाही त्याच वेळी कळलं. आवडी उठली. ती सरळ श्रुतिकाच्या घरी निघाली होती. मावशींनी तिचं मनगट धरलं.

"आत्ता जाशील तर वरडशील," त्या म्हणाल्या. "पोर घाबरंल आन पुन्यांदा खोटं बोलंल. मला बोलवू दे तिला."

आवडीने हात सोडवून घेतला नाही. ती खाली बसली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.

श्रुतिका आता पोलादपूरला अकरावीत होती. शनिवारी ती दुपारच्या एसटीने येई. मावशी रस्त्यावर जाऊन थांबल्या आणि तिला घेऊन आल्या. पडवीत आवडी बसलेली पाहून ती दारातच उभी राहिली. मावशींनी काहीही विचारलं नाही. पुस्तक एक्केचाळिसाव्या पानावर उघडून तिच्या हातात दिलं. श्रुतिकाने घडीकडे पाहिलं. तिने पुस्तक माझ्या झाकणावर ठेवून दिलं.

"आमची पाडी सुटली व्हती," ती म्हणाली. "आई म्हणाली, पाऊस वाढायच्या आत घेऊन ये. मला एकटीला भ्या वाटत व्हतं. अक्षू उंबऱ्यावर बसून वाचत व्हती. मी हाक मारली. ती म्हणाली, हे पान संपवते. मी म्हणलं, चल ना गो. मंग तिनं पान दुमडलं आन आली."

पुढचं तिने थांबत थांबत सांगितलं. ती पाडी, त्यांच्या गाईची कालवड, पऱ्याच्या पलीकडे होती. जाताना पाणी घोट्याएवढं होतं. पाडी हाती लागली नाही, म्हणून त्या परत फिरल्या, तेव्हा ते गुडघ्याच्या वर आलं होतं. दोघींच्या डोक्यावर मिळून प्लॅस्टिकचा एक कागद होता, त्याची दोन टोकं दोघींनी धरली होती. अक्षदाच्या पायाखालचा दगड सरकला. कागद श्रुतिकाच्या हातात राहिला. पाडी संध्याकाळी आपल्या पायाने गोठ्यात आली.

खोटं बोल असं तिला घरच्यांनी कुणीही सांगितलं नव्हतं. पण आईला सगळं ठाऊक होतं. गाव जमलं त्या दिवशी आई तिच्याकडे अशी बघत होती की पाडीचं नाव तिच्या तोंडातून निघालं नाही. पऱ्या घळीतून येतो, पुस्तकातही घळ होती, तेच तोंडात आलं. पुन्हा कुणी विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. ती वाट बघत राहिली. मग पेटीला कुलूप लागलं, मावशी गेल्या, आणि मग सांगणं रोज जास्त कठीण होत गेलं. तेव्हापासून तिने एकही गोष्टीचं पुस्तक हातात घेतलेलं नव्हतं.

आवडीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती हात उगारेल. मावशींनाही तसं वाटलं असावं, कारण त्या दोघींच्या मधे सरकून बसल्या. आवडीने हात उगारला नाही आणि माफही केलं नाही. तिने एवढंच विचारलं की वाटेत तिची मुलगी काय बोलत होती.

श्रुतिका म्हणाली, ती पुस्तकाचंच बोलत होती. चोर तो लंगडा स्टेशनमास्तरच असणार, असं तिचं म्हणणं होतं. ती सारखी विचारत होती, मी बरोबर आहे का तेवढं सांग. श्रुतिकाने सांगितलं नाही. मावशींचा नियम होता.

 मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"मंग पुढचं वाच," आवडी म्हणाली.

मावशींना वाचवेना. तेव्हा श्रुतिकाने पुस्तक उचललं. तिचा आवाज पहिली दोन पानं फुटत होता, मग सरळ झाला. तिने त्या दिवशी आणि पुढच्या दोन शनिवारी मिळून ते संपवलं. त्यातली चार मुलं घळीत अडकतात आणि शेवटी सुखरूप बाहेर येतात. आवडी म्हणाली, ही परत येतात. मावशी म्हणाल्या, पुस्तकात येतात. चोर स्टेशनमास्तर नव्हता, चहावाला होता. 

"चुकलीच माझी पोर," आवडी म्हणाली. ते बोलताना तिच्या ओठांवर काहीतरी हललं. त्याला मी हसू म्हणणार नाही.

नंतर काय झालं तेही सांगते. आवडी स्वतः मालोजींकडे गेली आणि पुस्तकाचा दोष नव्हता हे तिने सांगितलं. मालोजी मावशींच्या अंगणात येऊन आमचं चुकलं म्हणून गेले. शाळेत मावशींच्या जागी दुसरी बाई लागली होती, तीच राहिली. श्रुतिकाच्या आईने पाडी विकून टाकली. तिचं आणि आवडीचं बोलणं आजही बंद आहे, दोघींची अंगणं लागूनच आहेत. भिकू गणपतीला आला तेव्हा मावशींच्या पडवीत येऊन बसला होता.  लाथेने आत गेलेल्या माझ्या बाजूवर हात ठेवून थोडा वेळ बसला आणि उठून गेला. स्टेशनाचं पुस्तक आवडीने परत नेलं. मावशींनी ते मागितलं नाही. माझ्यात आता पंचवीस पुस्तकं आहेत आणि दुपारी तीन-चार मुलं येतात. मावशी अजून कोडं का पळापळ असं विचारतात, पण पूर्वीसारखं पटकन पुस्तक काढून देत नाहीत. पुस्तक दिल्यावर ते मूल वळणापलीकडे जाईपर्यंत उभ्या राहून बघत असतात.

मित्रांनो, माझा तळ आता फार दिवस टिकणार नाही. म्हणून एक मागणं मागते. पुस्तकं ओलीत ठेवू नका, हे तर तुम्हाला शाळेत सांगतीलच. मला त्याहून वेगळं सांगायचं आहे. त्या दिवशी शाळेत शंभराच्या वर माणसं होती. त्यांतल्या एकानेही ते पुस्तक उघडून बघितलं नाही. त्यांतल्या एकानेही श्रुतिकाला पाण्याचा तांब्या देऊन, शेजारी बसवून, दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यासमोर कधी एखादं घाबरलेलं मूल उभं राहील आणि एका ओळीत उत्तर देईल. ते उत्तर तुम्हाला सोयीचं असलं, तर तेवढ्यावर घरी जाऊ नका. त्याला पुन्हा विचारा. आणि ते खरं सांगेपर्यंत त्याच्याजवळ बसा.